बाबल्याचा वारस कोण?

गोव्याच्या फोंडा महालातल्या माझ्या आतेच्या घरी दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजायचा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला की वाजते ती धून. आते मागच्या दारातून, ओले हात पदराला पुसत, "येतां, येतां" म्हणत सोप्यावर यायची. फोन टेबलावर गप्प पडलेला असायचा. धून वाजवलेली असायची बाबल्याने. ती समोर येऊन उभी राहिली की तो मान वाकडी करून, जहाजावर असलेल्या तिच्या मुलाच्या हुबेहूब आवाजात विचारायचा, "आयकूंक येता गे?"

आम्ही सगळे हसायचो. आल्यागेल्याला ते मुद्दाम ऐकवलं जायचं. मीही एकदा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. त्यात नेमकं काय चाललं होतं हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. त्या घरात एक आवाज असा होता, की तो झाला की ही बाई चुलीवरचं सोडून धावत येते, खुर्ची ओढून बसते, अर्धा-पाऊण तास जागची हलत नाही आणि तिचा चेहरा उजळतो. "मिठू मिठू" म्हटलं तर एखादी मिरची मिळते, बिस्किटाचा तुकडा मिळतो आणि बाई परत आत जाते. पिंजऱ्यातल्या त्या पक्ष्याने दोन्ही करून पाहिलं होतं. बाईच हवी असेल तर कोणता आवाज काढायचा, ते त्याने शोधून काढलं होतं.

बाबलो आफ्रिकन ग्रे जातीचा. राखाडी अंग, पिसांना पांढुरकी किनार, फिकट पिवळे डोळे आणि शेंदरासारखी लाल शेपटी. वजन जेमतेम चारशे ग्रॅम. माझा आतेभाऊ तारवटी. वर्षातले आठ-नऊ महिने क्रूझ जहाजावर. वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून २०१३ साली त्याने हा पक्षी आणला. दुकानदाराने दिलेलं बिल अजून माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंय, "फॅन्सी बर्ड, १ नग". जात नाही, जन्मतारीख नाही, पायातल्या रिंगचा नंबर नाही. आतेचं वय तेव्हा अडुसष्ट होतं. पिल्लू चार महिन्यांचं होतं. आफ्रिकन ग्रे नीट सांभाळला तर चाळीस ते साठ वर्षं जगतो. हा हिशेब त्या दिवशी दुकानदाराने मांडला नाही, भावाने मांडला नाही, आणि पिल्लाला मांडीवर घेऊन फोटो काढणाऱ्या आम्हीही कुणी मांडला नाही.

गेली चार वर्षं बाबलो माझ्या घरी आहे. माझ्याकडे तो खुशीत असल्याचं पाहून लोक विचारतात, "आम्हालाही आईसाठी घ्यायचा आहे, कुठे मिळेल?" गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या वेळा आला की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहिणं भाग आहे. माझं उत्तर असं: मोठा, बोलणारा पोपट विकत घेऊ नका. आफ्रिकन ग्रे नको, मकाव नको, काकाकुवा नको. आणि गोव्यात जे पक्षी आधीच घराघरांत आहेत, त्यांच्यासाठी मालकाआधी मरणार नाही असा दुसरा सांभाळणारा कागदावर नेमून द्यायला सरकारने मालकांना भाग पाडावं.

आपल्या भाषेत 'पोपटपंची' हा शब्द आहे. अर्थ न कळता घोकलेलं बडबडणं. त्या शब्दाने आपलं फार नुकसान केलं आहे, कारण त्यामुळे पोपटाच्या तोंडचा शब्द आपण कधी ऐकतच नाही, फक्त त्याची गंमत बघतो. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने १९७७ साली शिकागोतल्या एका दुकानातून वर्षभराचा आफ्रिकन ग्रे घेतला. मुद्दाम हुशार पक्षी निवडला असं कुणी म्हणू नये म्हणून कोणता द्यायचा ते दुकानातल्या माणसालाच ठरवू दिलं. तो ॲलेक्स. पुढच्या तीस वर्षांत तो पन्नासेक वस्तूंची नावं, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतची मोजदाद शिकला. दोन वस्तू दाखवून "यांत वेगळं काय?" विचारलं तर रंग, आकार की कशाची बनलीय ते सांगायचा, आणि काहीच वेगळं नसेल तर "काही नाही" म्हणायचा. कंटाळला की परत पिंजऱ्यात जायचंय असं सांगायचा. ६ सप्टेंबर २००७ रोजी, एकतीस वर्षांचा असताना तो मेला. आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना तो रोजच्याप्रमाणे बाईंना म्हणाला होता, "नीट राहा. उद्या भेटू." आणि त्याच्यासोबत, माझं तुझ्यावर प्रेम आहे, असंही.

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ त्याला आपल्यासारखा कळत होता का, हा वाद शास्त्रज्ञ घालत राहतील. मला त्या वाक्याची वेळ महत्त्वाची वाटते. माणूस जायला निघाला की ते वाक्य बोलायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आतेच्या घरची धूनही तशीच. बोलणं माणसं जोडण्यासाठी असतं, ही गोष्ट या पक्ष्यांना आपल्याइतकीच माहीत असते.

मुळात पोपट बोलायला शिकतो तरी कशाला? रानात त्याला कोकणी-मराठीची गरज नसते. तो थव्याचा पक्षी आहे, आणि थव्यात राहायचं तर थव्याची बोली यावी लागते. कोस्टा रिकातल्या पिवळ्या मानेच्या ॲमेझॉन पोपटांवर अभ्यास झाला आहे. एका भागातल्या रात्रीच्या थाऱ्यांची हाक दुसऱ्या भागातल्या थाऱ्यांपेक्षा निराळी असते. डिचोलीची बोली वेगळी आणि काणकोणची वेगळी, तसंच. व्हेनेझुएलातल्या एका अगदी लहान जातीच्या पोपटांत तर आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक लावून देतात आणि पिल्लू पुढे आयुष्यभर तीच थोडी वळवून आपली ओळख म्हणून वापरतं. पोपटांना नावं असतात, आणि ती आईबाप ठेवतात. जे पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरट्यातून उचलून सिरिंजने भरवलं जातं, त्याला हे नाव मिळत नाही. त्याला 'बाबलो' मिळतं, कुकरची शिट्टी मिळते, मिक्सरचा आवाज मिळतो, आणि त्यातूनच त्याला आपला थवा जमवायचा असतो. आपण ज्याला "काय सुंदर बोलतो!" म्हणतो, ती त्याची आपल्यात सामावून घ्या म्हणून चाललेली धडपड असते. दिवसातले दहा तास त्या धडपडीला कुणी उत्तर देत नाही.

दुकानवाले 'हँडफीड' पिल्लाचे जादा पैसे घेतात. ते माणसाळतं, चावत नाही, अंगावर खेळतं हे खरं आहे. पण ते का माणसाळतं हे कुणी विचारत नाही. कळायला लागल्यापासून त्याने स्वतःच्या जातीचं तोंड पाहिलेलं नसतं. माणसालाच ते आपली जात समजतं, वयात आलं की माणसातच जोडीदार शोधतं, आणि घरातल्या एका माणसाला निवडून बाकीच्यांना चावायला धावतं. आतेकडे कामाला येणाऱ्या बाईच्या अंगठ्यावर बाबल्याच्या चोचीची खूण आजही आहे. बदाम फोडायला घडलेली चोच ती. आतेच्या जुन्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. त्यांतल्या एकीची सागवानी चौकट त्याने दोन पावसाळ्यांत कुरतडून खाली आणली. आपल्या जागी तो बरोबरच होता. रानात हेच तो ढोलीसाठी करतो.

मग आते पडली. खुब्याचं हाड मोडलं. भावाने रजा काढली, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टर जवळ हवेत म्हणून तिला मडगावच्या फ्लॅटमध्ये हलवलं. बाबलोही गेला. सोप्यावर आणि परसात मुरून जाणारी त्याची ओरड फ्लॅटच्या बाल्कनीतून चार इमारतींत ऐकू जायला लागली. शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली. त्यांचा दोष नाही. सकाळ-संध्याकाळ थव्याला हाक घालायची ही त्याची जातच आहे, आणि ती हाक एक मैल पोचावी अशी असते. पिंजऱ्यावर कापड पडायला लागलं. नंतर तो एका ओळखीच्या घरी गेला, तिथून दुसऱ्या. आतेने त्याला पुन्हा पाहिलं नाही. वर्षभराने ती गेली. तेराव्याला कुणीतरी सहज म्हणालं, तो कीर हल्ली फार आजारी आहे म्हणे, ब्रीडिंगवाल्याला देणार आहेत.

मी पाहायला गेलो तेव्हा मानेपासून खाली त्याच्या छातीवर एक पीस नव्हतं. बाजारात सोलून टांगलेल्या कोंबडीसारखं फिकट, पुरळ आलेलं कातडं. डोक्यावरची पिसं मात्र जशीच्या तशी, कारण डोक्याला स्वतःची चोच पोचत नाही. आपली पिसं आपणच उपटून काढायची, हे एकट्या ठेवलेल्या पोपटांत नेहमी दिसतं. रानातल्या पोपटांत ते जवळजवळ दिसतच नाही. पिंजऱ्याच्या तळाशी सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा थर होता. बिया स्वस्त मिळतात आणि पोपट आवडीने खातो, म्हणून सगळीकडे त्याच घालतात. नुसत्या तेलबियांवर ठेवलेल्या ग्रे जातीच्या पोपटाला कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं, फेफरं येतं. बाबल्याला येत होतं. पक्ष्यांची माहिती असलेला डॉक्टर मिळवायला मला बेळगाव-पुण्यापर्यंत फोन करावे लागले. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पोपट काही मिनिटांत मरू शकतो, आणि ॲव्होकाडो आणि चॉकलेट त्याला विष, हे मला पहिल्यांदा त्या फोनवर कळलं. आज तो भेंडी, कारलं, पेरू, शेवग्याचा पाला आणि हिरव्या मिरच्या खातो. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. छातीवर थोडी लव आली आहे. डॉक्टर म्हणतात, काही पिसांची मुळंच मेली आहेत, ती परत येणार नाहीत.

माझ्या घरची गोष्ट सांगितली, पण हा गोव्याचाच प्रश्न आहे असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण केरळनंतर सर्वांत जास्त गोव्यात होतं, अकरा टक्क्यांहून अधिक. मुलं जहाजावर, गल्फात, पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनच्या आसपास. बार्देस-सासष्टीत कुलूप लावलेली घरं मोजत गेलं तर वाडाच्या वाडा निघतो. फोंडा, सत्तरी, पेडण्यातही आता तेच होऊ लागलं आहे. मागे राहतात आई किंवा वडील, मोठं घर आणि महिन्याच्या महिन्याला येणारे पैसे. बोलणारा पोपट या घरासाठीच बनवल्यासारखा वाटतो. मुलाला वाटतं, आईला सोबत झाली. त्या वाटण्यात खोट नाही, माझ्या भावाच्याही नव्हती. पण ज्या घरात दहा-पंधरा वर्षांत कुलूप लागणार हे सगळ्यांना दिसतंय, त्या घरात आपण पन्नास वर्षं जगणारा जीव आणून ठेवतो. आणि तो असा जीव, की जो एक माणूस धरून बसतो.

कुत्र्या-मांजराचं काय, असं विचारतात. कुत्रा किमान पंधरा हजार वर्षं माणसाबरोबर आहे; आपल्या घरात राहायलाच तो घडला. पिंजऱ्यात जन्मलेल्या पोपटाचे पणजोबा बहुतेक रानातच होते. पिंजऱ्यात जन्मल्याने त्याचा स्वभाव बदलत नाही, फक्त त्याला रान माहीत नसतं. म्हणून आज घरात असलेला पक्षी "सोडून देणं" हा त्याला मारून टाकण्याचाच प्रकार आहे, तो कुणी करू नये. पण तो सोडता येत नाही म्हणून आणखी नवे पैदा करत राहायचे, हे कुठलं उत्तर?

दुसरं नेहमीचं वाक्य: "आमच्याकडे दार उघडंच असतं, तो जातच नाही." आपल्याकडे यासाठी जुना दृष्टांत आहे, शुकनलिकान्याय. दोरीत ओवलेल्या वेळूच्या नळीवर राघू बसतो, त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा होतो आणि आपण बांधलो गेलो अशा समजुतीने नळी आणखी घट्ट धरतो. पारधी येऊन त्याला आरामात उचलून नेतो. संतांनी तो जीवाच्या भ्रमासाठी वापरला. पण आपल्या घरातल्या पोपटाला भ्रम झालेला नसतो. त्याच्या पंखांची उडायची पिसं कात्रीने कापलेली असतात, उडायला शिकायच्या वयात ती कापली म्हणून छातीचे स्नायू बनलेलेच नसतात, आणि बाहेर जायला त्याचा दुसरा थवा नसतो. उघड्या दारासमोर तो बसून राहतो हे त्याच्या सुखाचं प्रमाणपत्र समजू नये.

इथलं हवामान त्यांना मानवतं, हेही ऐकतो. खरं आहे, ग्रे काँगो-कॅमेरूनच्या दमट जंगलातला, मकाव ब्राझीलकडचा. पोर्तुगीज १५०० साली ब्राझीलला पोचले आणि १५०२ च्या कान्तिनो नकाशात त्या किनाऱ्यावर मोठमोठे रंगीत पोपट काढलेले आहेत. त्याच वाटेने आपल्याकडे काजू आला आणि इतका रुजला की आज तो आपलाच वाटतो. पण काजूला इथे डोंगर मिळाला, ऊन-पाऊस मिळाला, त्याची पिढी पुढे चालली. मकावला तीन फुटांचा पिंजरा मिळतो, नाहीतर किनाऱ्यालगतच्या एखाद्या हॉटेलात पाहुण्यांच्या खांद्यावर बसून फोटोपुरतं काम. हवामान मानवलं म्हणजे आयुष्य मानवलं असं होत नाही.

आता कायद्याकडे येऊ. आपला देशी कीर, निळ्या पंखांचा मलबारी पोपट, तोई पोपट, किंवा आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, येणारा तो चिमणीएवढा, रात्री वटवाघळासारखा उलटा लटकून झोपणारा हिरवा पोपट, यांतला कोणताही पकडणं, विकणं, पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे लोकांना अजूनही माहीत नाही. परदेशी पोपटाला मात्र हा कायदा कित्येक वर्षं लागूच नव्हता. ग्रे पोपटांचा व्यापार इतका झाला की १९७५ नंतरच्या चार दशकांत रानातून धरलेले तेरा लाखांहून अधिक पक्षी अधिकृत नोंदींतूनच बाहेर पडले. वाटेत मेलेले त्यात मोजलेले नाहीत. घानात १९९२ नंतर त्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. २०१६ मध्ये साइट्स या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या जोहान्सबर्ग परिषदेत त्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातलं आणि जानेवारी २०१७ पासून रानातल्या पक्ष्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

आपल्या कायद्यात हे यायला २०२२ ची दुरुस्ती यावी लागली. मग २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नियम आले: साइट्सच्या यादीतला कोणताही जिवंत प्राणी-पक्षी ज्याच्याकडे आहे त्याने सहा महिन्यांत 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंद करायची, पुढे जन्म, मृत्यू, हस्तांतर सगळं कळवायचं. बजरीगर, कॉकॅटील आणि अशा दोन-तीन जाती सोडल्या तर जगातले जवळजवळ सगळे पोपट त्या यादीत आहेत. मी बाबल्याची नोंद केली. "फॅन्सी बर्ड, १ नग" हे बिल जोडून. माझ्या ओळखीतल्या चार ग्रेवाल्यांपैकी बाकी तिघांना असा काही नियम आहे हेच माहीत नव्हतं. ज्या दुकानांतून पक्षी जातात, त्यांनी गिऱ्हाइकाला हे सांगणं बंधनकारक असायला हवं. २०१८ च्या नियमांप्रमाणे अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागतेच. नोंदणी तपासताना प्रत्येक पोपटाची रिंग आणि कागद जुळवून बघायला किती वेळ लागतो?

नोंदणीचा अर्ज भरताना मला एक गोष्ट खटकली. पक्षी कुठून आला हे तो विचारतो. पक्षी कुठे जाणार हे विचारत नाही. बँकेत साधं बचत खातं उघडलं तरी नॉमिनीचं नाव विचारतात. इथे साठ वर्षं जगू शकणारा जीव, आणि माझ्यानंतर कोण, हा रकानाच नाही. माझी मागणी साधी आहे. गोव्याच्या वन खात्याने आपल्या पातळीवर तरी प्रत्येक मोठ्या पोपटासाठी दुसऱ्या सांभाळणाऱ्याचं नाव, वय आणि सही घ्यावी, आणि ते नाव मालकापेक्षा किमान वीस वर्षांनी लहान असावं. असं नाव देता येत नसेल तर नवा पक्षी घेऊ नये. एवढी एक अट घातली तरी निम्मी विक्री थांबेल असं मला वाटतं, कारण दुकानात उभ्या असलेल्या मुलाला तो हिशेब तिथेच मांडावा लागेल. स्वतः खाऊ न शकणारं पिल्लू विकणं पूर्ण बंद व्हावं. हॉटेलं, कॅफे, वाढदिवसाचे कार्यक्रम यांत खांद्यावर मकाव बसवून फोटो काढणं बंद व्हावं. २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने पक्ष्यांना आकाशात उडण्याचा मूलभूत हक्क आहे असं म्हटलं. निदान त्या हक्काचा तमाशा तरी मांडू नये.

आणि ज्यांना खरोखरच सांभाळता येत नाही त्यांच्यासाठी जागा हवी. आज अशा पक्ष्याला दोनच वाटा आहेत: हातोहात फिरणं किंवा ब्रीडिंगवाल्याच्या अंधाऱ्या खोलीत अंडी देत राहणं. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी, प्रेक्षकांच्या नजरेआड, पंचवीस-तीस फूट लांबीचा उडता येईल असा एक मोठा जाळीचा पिंजरा बांधायला फार पैसा लागणार नाही. ग्रे पक्ष्यांना एकमेकांची सोबत लागते आणि ती उपयोगीही पडते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ग्रे पोपटांनी आपल्याला काही मिळत नसतानाही शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला खाऊ विकत घेता यावा म्हणून आपल्याकडची टोकनं चोचीने पलीकडे सरकवली होती. अशा पक्ष्यांना आपण एकेकटं कोंडतो.

आतेचा एकटेपणा खरा होता, त्याला मी कमी लेखत नाही. तिला सोबत हवीच होती. पण त्या सगळ्या वर्षांत आम्ही भाचे-पुतणे किती वेळा गेलो, हे मी मोजलं आहे, आणि तो आकडा इथे लिहायला मला लाज वाटते. बाबलो आहे ना, असं म्हणून आम्ही सगळे निश्चिंत झालो. आमच्या वाटचं काम आम्ही चारशे ग्रॅमच्या एका पक्ष्याला लावलं.

संध्याकाळी साडेसहाच्या आसपास कुळागरावरून किरांचा थवा रात्रीच्या थाऱ्याकडे जातो. तो आवाज लांबून आला की बाबलो बोलायचा थांबतो. अंग आवळून बारीक होतो, बाहुल्या लहान-मोठ्या होत राहतात, मान थव्याबरोबर फिरते. थवा दिसेनासा झाला की दोन-तीन मिनिटं तसाच बसतो. मग ती फोनची धून वाजवतो. मी हातातलं काम टाकून जातो.

मी सत्तावन्न वर्षांचा आहे, तो बारा. माझ्या भावाची मुलगी पर्वरीला राहते, तिचं वय एकतीस. गेल्या वर्षी मी तिला सगळा हिशेब सांगितला, ओरडणं, चावणं, धूळ, खर्च, प्रवासाला जाता न येणं, आणि विचार करायला सहा महिने दिले. तिने होकार दिला तेव्हा नवऱ्याला घेऊन आली, त्याचीही सही हवी म्हणून. तेव्हापासून दर रविवारी येते. पहिले तीन रविवार बाबल्याने तिच्याकडे पाठ केली. चौथ्या रविवारी तिच्या हातची शेवग्याची शेंग घेतली आणि बोट सोडून दिलं. परवा ती जायला निघाली, फाटकाची कडी वाजली, आणि आतून फोन वाजायला लागला. तिने पर्समध्ये हात घातला, फोन बाहेर काढून पाहिला, आणि चपला काढून परत सोप्यावर आली.